खिशातला चाकू, आठ महिने आणि टोमॅटोचं तोरण

परवा रात्री टोमॅटो चिरला आणि ताटलीत ठेवायला उचलला, तर सातही चकत्या एकमेकींचा हात धरून वर आल्या. प्रत्येकीच्या बुडाला सालीचा एक धागा न कापता राहिलेला. बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "चिरतोयस की तोरण ओवतोयस?"

गेले चार महिने हे असंच चाललंय. या चार महिन्यांत मी ज्याच्यावर खापर फोडत होतो, तो परवा रात्री निर्दोष सुटला. म्हणून आज लिहायला बसलो. खरं सांगायचं तर हा अनुभव लिहायचा होता तो चाकूच्या कंपनीला झोडपायला. त्यातलं अर्धं झोडपणं अजून शिल्लक आहे, ते येईलच.

चाकूची माहिती पुन्हा उगाळत नाही, घेणाऱ्याला ती पाठच असते. जुन्या पद्धतीचा खिशातला चाकू, एकच पातं, कार्बन स्टील, हाडाची मूठ, आत पितळी पट्ट्या, पाठीत स्प्रिंग. लॉक नाही. उघडायला पात्यावर नखाची खाच. माझा प्रश्न एवढाच होता, की याने खायचं काही नीट चिरता येतं का? खोके फोडायला आणि दोरी कापायला घरात जुनं पातं पडलेलं आहे, त्यासाठी मी पैसे टाकले नसते. मी टूथपेस्टची नळी उभी चिरून आतली पेस्ट काढणारा माणूस आहे. (नळी आता याच चाकूने चिरतो.)

आधी कौतुकाचं सांगतो, म्हणजे नंतर मोकळेपणाने कुरकुर करता येईल. या चाकूचा आवाज! उघडताना पातं अर्ध्यावर एकदा थबकतं, मग पुढे सरकून टक् करून बसतं. मिटताना त्याहून सुरेख. अर्ध्यापासून जरासं पुढे ढकलायचं आणि बोट काढून घ्यायचं, उरलेलं काम स्प्रिंग करते. टक्! फोनवर कुणी लांबण लावली की मी हा चाकू उघड-मीट करत बसायचो. घरच्यांनी दोनदा दुसऱ्या खोलीत हाकललं. पहिल्या महिन्यात मी चारचौघांना हा चाकू दाखवला, तो कापून नव्हे, वाजवून.

कापण्याची सुरुवात सफरचंदाने केली, आणि तिथे चाकू जिंकला. सफरचंद हातात धरून सोलायचं असेल तर स्वयंपाकघरातला मोठा चाकू अवजड पडतो. हे पातं जेमतेम ८ सेंटीमीटर लांब आणि १७ मिलिमीटर रुंद, त्यामुळे वळणावर वळतं. तिसऱ्याच दिवशी देठापासून बुडापर्यंत साल एका लांब फितीत निघाली. सोलायच्या यंत्राने इतकी पातळ निघत नाही. एक मात्र झालं, पहिले पंधरा दिवस प्रत्येक फोडीला लोखंडाची चव यायची. नव्या कार्बन स्टीलला फळातलं आम्ल लागलं की हे होतंच. सफरचंदातल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, पात्यावर निळसर-काळे ढग उठले. जुन्या काळची काळी शाई याच जोडीतून बनायची, लोहाचा क्षार आणि टॅनिन. मी घाबरून पातं घासून लख्ख केलं, म्हणजे पुन्हा पंधरा दिवस लोखंडाची चव. तेव्हा घासू नका. तो काळपट थर बसू द्या. एकदा तो बसला की चव जाते, आणि तांबूस गंजही सहजी धरत नाही.

"सहजी" म्हणालो, कारण लिंबू कापून एका रात्री तसाच ठेवला तर सकाळी टोकाजवळ नारिंगी ठिपके होतेच. स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं. साध्या कार्बन स्टीलमध्ये ते जवळजवळ नसतंच. चूक माझी, चाकूची नाही. मान्य.

गाजराने मात्र पितळ उघडं पाडलं. गाजरावर पातं ठेवून दाबलं की चार-पाच मिलिमीटर नीट आत जायचं आणि मग कडाक्. गाजर चिरलं जात नव्हतं, फुटत होतं. चकती उडून फ्रिजखाली जायची. मला वाटलं धार गेली. धार गेलीही होती. नव्या चाकूची कारखान्यातली धार हातावरचे केस उडवत होती, ती दोन आठवड्यांत मेली. असं पुष्कळ चाकूंचं होतं. घाईत धार लावली की काठावर धातूची केसाहून बारीक कड वळून राहते. ती कागद झकास कापते, बघणारा खूश होतो, आणि बोर्डावर चार वेळा टेकली की मोडून पडते. खाली जे उरतं ती तुमची खरी धार.

धार लावायला नवं काही विकत घ्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. चिनीमातीच्या कपाच्या बुडाला एक खरखरीत गोल कड असते, तिच्यावर चकाकीचा लेप नसतो. त्यावर पातं हलक्या हाताने फिरवलं की धार येते, आणि बरी येते. मग हौसेने जुन्या कातडी पट्ट्यावर पॉलिशची पेस्ट चोळून पातं आरशासारखं केलं. दाढी करता आली असती. गाजर तरीही फुटलंच.

शेवटी व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, काढलं. पात्याची पाठ २.४ मिलिमीटर जाड. धारेच्या जेमतेम १ मिलिमीटर वर मोजलं तर ०.६. धारेपासून १० मिलिमीटर वर जवळपास १.७. मग ओट्यावरचा रोजचा मोठा चाकू मोजला. त्याची पाठ २ मिलिमीटर, म्हणजे फार फरक नाही. पण पातं ४५ मिलिमीटर रुंद असल्याने ती जाडी सावकाश वाढत जाते, धारेपासून १० मिलिमीटरवर तो ०.६ च्या आसपासच होता. माझा चाकू तिथे त्याच्या जवळजवळ तिप्पट जाड. खिशातल्या अरुंद पात्याला तेवढीच पाठ द्यायची म्हटलं की त्याची पाचर होणारच, आणि पाचर गाजर फोडते. धार कितीही लावा, धार फक्त दार उघडते, मागून पातं आत शिरायला हवं ना!

मऊ पदार्थांत हाच अरुंदपणा कामी आला, हे मला अनपेक्षित होतं. चीज किंवा उकडलेला बटाटा मोठ्या चाकूला चिकटून बसतो, कारण घासायला रुंद पातं असतं. इथे पातंच १७ मिलिमीटरचं, चिकटणार कुठे? उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या मी आता याच चाकूने करतो. पावाचं विचारू नका. कडक सालीच्या पावाला दाते असलेलं लांब पातं लागतं, याने पाव चेपतो.

कांदा चिरताना वेगळीच अडचण. असल्या चाकूत धार मुठीच्या जवळपास सरळ रेषेत असते, मोठ्या चाकूसारखी मुठीखाली बोटांना जागा नाही. पातं बोर्डाला टेकायच्या आत बोटांची पेरं आपटतात. यावर उपाय म्हणजे बोर्डाच्या कडेशी चिरायचं, मूठ बाहेर हवेत आणि पातं बोर्डावर. पण मग पातं मागे-पुढे ओढायला जागा कमी पडते आणि प्रत्येक काप शेवटी पात्याच्या मधल्या भागाने दाबून पुरा करावा लागतो. हे जरा लांबण लावून सांगितलं, कारण पुढच्या भानगडीचं मूळ यातच निघालं.

आता खाच.

नखाची खाच म्हणजे पात्याच्या पाठीजवळ कोरलेली चंद्रकोर. माझ्या चाकूवर ती चांगली २० मिलिमीटर लांब आणि खोल आहे. तिच्यात सगळं भरतं. चीज कापा, चीज. बटाटा कापा, बटाटा. टोमॅटोचं बी तर तिथे असं बसतं की जणू मापाने घर केलंय. नुसत्या कापडाने पुसून निघत नाही, दात कोरायची काडी लागते. एकदा चीज कापून पातं वरवर पुसून मिटलं आणि चार दिवसांनी उघडलं तेव्हा तो वास अख्ख्या खोलीला कळला. डावखुऱ्या माणसाचं तर बोलूच नका, खाच एकाच बाजूला, उजव्या हाताने धरणाऱ्याच्या सोयीची.

माझं सगळं लक्ष मग या खाचेवर. दुसऱ्यांच्या चाकूंच्या खाचा बघायचं व्यसन लागलं. मित्राकडे ८ नंबरचा ओपिनेल आहे. १८९० पासून फ्रान्सच्या सॅव्हॉय (Savoie) भागातला हा चाकू, ८.५ सेंटीमीटरचं पातळ पातं, १९५५ पासून लॉकची फिरती रिंग. त्याने गाजर चिरून बघितलं तर लोण्यासारखं गेलं, मी काहीच बोललो नाही. त्यालाही खाच आहेच, पण लहान आणि उथळ. त्याची लाकडी मूठ ओली झाली की फुगते आणि पातं अडकतं, म्हणून मुठीचं बूड टेबलावर आपटून पातं सोडवायची जुनी युक्ती आहे. म्हणजे प्रत्येकाचं काही ना काही असतंच. आणि जपानी हिगोनोकामी चाकूला तर खाचच नाही! पात्याच्या बुडाला शेपटीसारखी पट्टी, अंगठ्याने दाबली की पातं बाहेर. खाचेवाचून जमतं हे तिथल्या लोहारांना कळलं, तर माझ्या कंपनीला का कळू नये?

हाच प्रश्न मी कंपनीला विचारला. चांगली दोन पानी मेल, सहा फोटो, त्यातला एक भिंगातून काढलेला चीजचा. उत्तर आलं, "ही खाच आमच्या पारंपरिक रचनेचा भाग आहे. आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत." मी पुन्हा लिहिलं, मिटलेल्या पात्याचं टोक एका बाजूच्या पितळी पट्टीला घासतं आणि पात्यावर ओरखडा उठलाय, त्याचं काय? उत्तर, "हातांनी केलेल्या वस्तूचं ते वैशिष्ट्य आहे." वैशिष्ट्य! म्हणजे उद्या मूठ गळून पडली तर तोही वारसाच म्हणायचा.

चौथ्या महिन्याच्या सुमारास टोमॅटोचं तोरण सुरू झालं. त्याआधी टोमॅटोवर वेगळाच धडा मिळाला होता. आरशासारख्या केलेल्या धारेने केस उडायचे, पण टोमॅटोच्या सालीवरून ती चक्क घसरायची. टोमॅटोची साल चिवट, आतला गर मऊ. दाबलं की साल तुटण्याआधी गर चेपतो. धारेला डोळ्यांना न दिसणारे बारीक दाते हवेत आणि पातं ओढायला हवं, म्हणजे ते दाते साल धरतात. अति गुळगुळीत धार तिला धरायलाच जात नाही. पट्ट्यावरचं पॉलिश सोडलं, १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक) दगड मित्राकडून उसना आणला आणि तिथेच थांबलो. टोमॅटो तात्काळ शरण आला.

तोच दगड हाताशी असताना डोक्यात आलं, पाचरीचंही बघू. मग ४०० ग्रिटचा दगडही उसना. पातं जवळजवळ आडवं धरून, धारेच्या मागची जाडी घासत दोन संध्याकाळी गेल्या. पात्यावर मार्कर फिरवायचा, दोन घासे मारायचे, शाई कुठली गेली ते बघायचं. तेवढीच शाई जावी जिथली जाडी आपल्याला नको आहे. हे करताना जीव तुटत होता, कारण जे पोलाद काळं पाणी होऊन मोरीत चाललं होतं त्याचे पैसे मीच दिले होते. कंपनीने घासायला हवं होतं ते मी घासत होतो, फुकट. पण ०.६ चं ०.३ झालं, आणि गाजर! पूर्ण नाही, जाड गाजर अजून शेवटी फुटतं, पण बोटाएवढं गाजर चकत्यांमध्ये शांतपणे उतरतं. सगळा चाकूच बदलल्यासारखा वाटला. त्या आठवड्यात कंपनीवरचा राग निम्म्यावर आला होता.

आणि नेमकं त्यानंतर तोरण. प्रत्येक चकतीला एक धागा. मी लगेच ताडलं, खाच! साल खाचेत अडकते, ओढली जाते, म्हणून तुटत नाही. कसं ते विचारू नका, खाच पात्याच्या पाठीशी आणि साल कापली जाते धारेपाशी, पण एकदा कुणावर डूख धरला की भूगोल आड येत नाही. मी खाचेत मेण भरून बघितलं. तोरण कायम. कंपनीला तिसरी मेल. याला उत्तर आलंच नाही.

मध्ये आणखी एक उद्योग केला. सांध्यात तेल हवं म्हणून घरातलं खायचं तेल दोन थेंब सोडलं, खायच्या चाकूला खायचं तेल, वेगळं कशाला घ्या. महिन्याभरात त्याचा चिकट राळेसारखा थर झाला आणि माझी ती टक् गेली, पातं गोगलगायीसारखं मिटू लागलं. खायची तेलं हवेने घट्ट होतात. पॅराफिनचं तेल, औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं, ते वापरा. एका लहान बाटलीत चाकू आणि मी दोघंही म्हातारे होऊ. गरम पाणी, साबण, जुना टूथब्रश, मग सुकवून पॅराफिन, आणि टक् परत आली. गंमत म्हणजे चाकू चिकटलेला होता त्या दिवसांत तोरणाचा त्रास वाढला नव्हता. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय, तेव्हा आलं नाही.

परवा, बायकोच्या त्या वाक्यानंतर, मी हट्टाने पातं दिव्याखाली धरलं. धार वर, डोळा थेट धारेवर. चांगली धार दिसत नाही, प्रकाश तिच्यावर थांबतच नाही. जिथे बोथट तिथे चमकते. पात्याच्या बरोबर मध्यावर एक मिलिमीटरभर चमक होती. छोटीशी, चपटी झालेली खाच. हो, खाचच, पण धारेतली. नख फिरवलं तर अडकलं.

बोर्डाच्या कडेशी चिरताना प्रत्येक काप मी मध्यानेच दाबून पुरा करतो ना, ती हीच जागा. बाकी सगळी साल कापली जायची आणि त्या मिलिमीटरखालचा धागा राहायचा.

आता ती आली कुठून? पातळ कागदाची पट्टी मुठीच्या फटीत स्प्रिंगवर आडवी ठेवली आणि चाकू हळू, बोटाने धरून मिटला. कागद अखंड. मग नेहमीसारखा मिटला, शेवटी बोट काढून घेत. टक्. कागदाचे दोन तुकडे.

आत पात्याच्या बुडाला एक उंचवटा असतो, मिटताना तो स्प्रिंगवर टेकतो म्हणून धार स्प्रिंगपासून अधांतरी राहते. पण जोराने मिटलं की स्प्रिंग क्षणभर दबते, पातं जरा जास्त खाली जातं आणि मधली धार पोलादावर आदळते. त्यात मी दगडावर जाडी घासताना त्या उंचवट्याचीही थोडी हजामत केलेली, म्हणजे होतं तेही अंतर कमी, आणि धार आता पातळ, म्हणून लवकर दुमडणारी. आठ महिने ज्या आवाजाचं मी कौतुक सांगत फिरलो, तो माझ्याच धारेवर पडणाऱ्या घणाचा आवाज होता.

बायकोला कागदाचे दोन तुकडे दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे फोनवर बसून तूच मोडलास." याला मेलवर उत्तर देता आलं असतं, तोंडावर नाही देता आलं.

कंपनीच्या चोपडीत, जी मी पहिल्या दिवशी खोक्यासकट माळ्यावर टाकली होती, तिसऱ्या ओळीत लिहिलेलं निघालं की पातं बोटाने धरून सावकाश मिटावं. बारीक अक्षरात. त्यांना झोडपायचा माझा हक्क इथे पंचाहत्तर टक्के संपला, पण पंचवीस शिल्लक आहे. "सावकाश मिटा" एवढंच लिहिलंय, का ते लिहिलेलं नाही. आणि जो चाकू वाजवल्याशिवाय राहवत नाही असा बनवायचा आणि वाजवू नका म्हणायचं, हे म्हणजे पोरासमोर ढोल ठेवून झोप म्हणण्यासारखं आहे.

काल संध्याकाळी दगडावर अर्धा तास घालवून ती चमक घालवली. आणखी थोडं पोलाद मोरीत. मुठीच्या फटीच्या तळाशी, मधोमध, कातड्याची पातळ चकती चिकटवायचा विचार होता, म्हणजे धार आदळली तरी कातड्यावर. पण तिथे पाणी मुरून कुजेल, म्हणून सोडला. आता बोट ठेवून मिटतो. आवाज येत नाही. जरा ओकंओकं वाटतं. लॉक नसलेल्या चाकूत टोकाने खुपसून काही कोरायचं नाही, हेही जाता जाता सांगतो. सफरचंदाचा गाभा टोकाने काढताना एकदा पातं पेरावर मिटलं होतं. स्प्रिंग पातं धरून ठेवते, अडवत नाही.

घ्यावा का? हातात धरून फळ कापणाऱ्याने, डब्याबरोबर चीज-काकडी खाणाऱ्याने आणि वस्तू पुसून ठेवायची सवय असलेल्याने घ्यावा, पण आधी धारेच्या मागची जाडी मोजून. पाठ किती जाड हे सगळेच सांगतात, तिथे फसू नका. घरात गाजर-बीट रोज असेल तर ओट्यावरचा चाकूच बरा, किंवा माझ्यासारख्या दोन संध्याकाळी राखून ठेवा. कंपनीकडून कशाचीही अपेक्षा ठेवू नका, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला "वैशिष्ट्य" हा एकच शब्द आहे.

आज सकाळी टोमॅटोच्या नऊ चकत्या केल्या. नऊच्या नऊ सुट्या, बोर्डावर एकामागून एक कलंडल्या. बायकोने एक उचलून खाल्ली आणि काही बोलली नाही, हे पुष्कळ झालं. मग चीज कापलं, पातं पुसलं, मिटण्याआधी उजेडात धरलं.

खाचेत चीज होतंच. चौथी मेल लिहायला घेतली आहे.